शिंप्याच्या टेपला दिसलेले माप

मी एक जुना टेप आहे, शिंप्याचा, कापडी. सुरुवातीचे दोन आकडे पुसले आहेत. माझे बोलणे कुणाच्या उपयोगी पडेल की नाही, मला शंकाच आहे. तरी ऐका, मित्रांनो.

बसवकल्याणात बाबूलालच्या गळ्यात माझी वीस वर्षे गेली. त्याचे माप चुकत नाही, असे लोक म्हणत. ते कौतुक मलाही आवडे.

गेल्या वर्षी कोहिनूर गावचे शिवशंकरप्पा गाणगापूरला जायचे म्हणून सदरा शिवायला आले. त्यांना यकृताचा जुना आजार होता. सोबत पत्नी जगदेवीअक्का होत्या. मी पोटाभोवती फिरलो. एक्केचाळीस! दोन वर्षांपूर्वी वहीत छत्तीस होते.

"अप्पा, तब्येत लई सुधरली की!" बाबूलाल म्हणाला.

अक्का खुलल्या. "व्हय, वजन बी वाढलंय. नुसत्या पेजेवर ठिवलंय बघा. डाळ, दूध समदं बंद. यकृताला जड जातंय म्हणत्यात."

"जेवायला मागितलं की डोळे वटारती," अप्पा हसत म्हणाले.

मग मी दंडाभोवती आलो. अकराचे साडेआठ झाले होते. बाबूलालने आकडा लिहिला आणि म्हणाला, "बाही तेवढी आवळावी लागंल." बस, एवढेच.

चार महिन्यांनी अप्पांना कलबुर्गीच्या दवाखान्यात ठेवावे लागले आणि तिथून अक्कांचा फोन आला. "बाबूलालभाई, वहीत अप्पांचा दंड किती हाय, सांगा. इथल्या बाई इचारायलेत."

बाबूलालने दोन्ही आकडे वाचले. आहार बघणाऱ्या नागरत्नाबाई फोनवर म्हणाल्या, "वजन वाढलं ते पोटातल्या पाण्यानं. अंगातलं मांस तर तेव्हाच झडत होतं. यांना डाळ, दूध हवं होतं, रात्री झोपताना सुद्धा काहीतरी खायला हवं होतं."

"म्हंजे मीच उपाशी मारायलेय की वो त्यास्नी!" अक्कांचा आवाज फुटला.

त्या दिवसापासून अप्पांना डाळ मिळू लागली. पण घास उचलायची ताकद उरली नव्हती. अक्का भरवत. अठराव्या दिवशी ते गेले.

मग लग्नसराई आली आणि बाबूलाल पुन्हा गिऱ्हाइकांशी हसू लागला. मला राग येतो. त्याचा की माझा, कळत नाही.

मित्रांनो, पोट वाढले म्हणून यकृताच्या रोग्याला धडधाकट समजू नका. डॉक्टरांना विचारल्यावाचून त्याच्या ताटातले काही कमी करू नका. आणि त्याचा दंड अधूनमधून आपल्या हातात धरून बघत जा.