सकाळची गोळी

मित्रांनो, मी एक जुना लॅरिंगोस्कोप आहे. नाव बोजड, पण काम साधं. माणसाला भूल दिली की त्याच्या घशात उतरायचं, जीभ बाजूला सारायची आणि श्वासाच्या नळीला वाट दाखवायची. माझं अंग पोलादी आणि टोकाला इवलासा दिवा. जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या या इस्पितळात मी आलो तेव्हा माझं काय कौतुक! नर्सबाया मला पुसून पुसून लखलखीत ठेवायच्या. आता कॅमेऱ्याची यंत्रं आली आहेत. ती बिघडली की मगच कुणाला तरी माझी आठवण होते.

माझा स्पर्शच मेला वाईट. माणूस गाढ झोपलेला असला, तरी मी घशात शिरलो की त्याचं काळीज धावत सुटतं आणि रक्तदाब उसळतो. म्हणून भूल देणाऱ्या वेनिंगबाई आधी नाडीला आवर घालणारं औषध देतात. ते भिनेपर्यंत थांबतात. "थांब रे, घाई कसली," असं मलाच दटावतात.

त्या दिवशी टेबलावर पाक तुकिरान होते, गामेलानच्या वाद्यमेळात गोंग, म्हणजे काशाची मोठी थाळी, वाजवणारे. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानानं पाक म्हणतात आणि स्त्रीला बू. त्यांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगली होती. दाब एकदम चढला तर ती फुटणार, आवरला तर माणूस वाचणार.

"पाक, रक्तदाबाची सकाळची गोळी घेतलीत ना?" बाईंनी विचारलं.

"हो, बाई."

"कालचीही?"

"हो हो. बाई, माझ्या काळजाचा ताल तेवढा सांभाळा. चुकला तर मेळातली मंडळी टर उडवतील माझी."

"उडवू देत की! बरे झालात की त्यांनाच बडवा."

आमच्या जावात डॉक्टरांना तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे उद्धटपणा. बाई इथल्याच, त्यांना हे ठाऊक होतं. एरवी त्या 'गोळी कशाबरोबर घेतली?' असं विचारायच्या, म्हणजे खरं काय ते बाहेर पडायचं. त्या दिवशी तसं विचारायचं राहून गेलं.

औषध दिलं, बाई थांबल्या, मग मी अलगद उतरलो. पडद्यावरचे आकडे भराभर चढू लागले. बाईंनी आणखी औषध टोचलं. "उतर रे बाबा, उतर!" त्या पुटपुटत होत्या. दाब उतरला, पण तोवर ती रक्तवाहिनी फुटली होती. पाक तुकिरान परत जागे झाले नाहीत.

बाईंनी भान हरपून मला कोटाच्या खिशात टाकलं आणि त्या बाहेर गेल्या. तुकिरानांची बायको, बू सारिनेम, गाठोडं घेऊन बसली होती.

"या त्यांच्या गोळ्या," ती म्हणाली. "सगळं नीट व्हावं म्हणून परवापासून कडक उपास धरलाय हो त्यांनी. गोळीसुद्धा तोंडात घातली नाही. उपास सुटला की देते."

बाईंचा हात खिशात माझ्यावर आवळला. मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "समजलं ना, बू?"

"हो, बाई," ती नम्रपणे हसली. "मग पेज कधी आणू त्यांना?"

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, खणात गंजू द्या. पण घेतली नसेल तर 'नाही घेतली' म्हणा. तेवढ्यानं एखादा जीव वाचतो. समजलं ना?

बघा, तुम्हीही नुसती मान डोलावलीत.