सासऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरवरची दुर्बीण

एलवुड हाफनरला हरीण दिसत होतं, माशी दिसत नव्हती. माशी म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकावरचा लोखंडी दाणा, मागच्या खाचेत धरून ज्याने नेम घ्यायचा तो. चष्मा चढवला की माशी लख्ख उठून दिसे आणि पलीकडचं सगळं रान दुधात बुडे. चष्मा उतरवला की रान परत येई, माशी मात्र उडून गेलेली असे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याची कैफियत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "दोन्ही एकदम हवं असेल तर चाळीस वर्षांपूर्वी यायला हवं होतंत."

दुसरी कुठली बंदूक असती तर एलवुडने ती विकून टाकली असती. पण ही सासऱ्यांची होती. लांब नळीची, गडद निळ्या मुलाम्याची, अक्रोडाच्या लाकडाच्या मुठीची. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात म्हातारा ओटो क्लाइनफेल्टर रायफल न घेता हिच्यावरच हरणं मारायचा, आणि ते सांगताना त्याची छाती फुगायची. जाण्यापूर्वी त्याने मुलगी वर्ना, मुलगा लूथर आणि जावई एलवुड यांना पलंगाशी बोलावून घेतलं होतं. "जो हिला दरवर्षी जंगलात नेईल त्याच्याकडे ही राहील," तो म्हणाला होता. "आणि हिला कुणी कानस लावायची नाही, भोक पाडायचं नाही. माझ्याकडे होती तशीच ठेवायची."

तेव्हा लूथर रायफलवाला होता. पिस्तुलं वगैरे सिनेमावाल्यांसाठी, असं म्हणायचा. म्हणून ती एलवुडकडे आली. पण आता लूथर निवृत्त झाला होता, त्याला वस्तू जमवायचा नाद लागला होता, आणि त्याने दिवाणखान्यात काचेचं कपाट करून घेतलं होतं. आत दिवाही होता.

"मखमल लावून झाली, एलवुड," सप्टेंबरातल्या एका रविवारी बटाट्याचं भांडं पुढे सरकवत लूथर म्हणाला. "लाल. बाबांना लाल आवडायचा."

"बाबांना तपकिरी आवडायचा," वर्ना म्हणाली. "आणि तू बटाटे घेऊन झाले असतील तर भांडं इकडे दे."

"मी कुठं म्हणतोय आजच द्या? मी म्हणतोय, ज्या माणसाला स्वतःचा अंगठा दिसत नाही, त्याने बंदूक घेऊन रानात कशाला जावं? थाळीच्या रविवारी बघू. गोळ्या थाळीला लागल्या तर ठेव बाबा तुझ्याकडे, माझं काही म्हणणं नाही."

थाळीचा रविवार म्हणजे शिकारीच्या मोसमाआधीचा, ऑक्टोबरातला. त्या दिवशी त्यांच्या शिकारी मंडळाची सगळी माणसं जुन्या खडीच्या खाणीत जमत. बायका 'पाय', म्हणजे फळांचं सारण भरून भाजलेली जाड गोड पोळी, करून आणत. प्रत्येकाने कागदी थाळीत आपला तुकडा खायचा, थाळी पुसायची, मागे नाव लिहायचं आणि ती फळीवर खिळ्याने ठोकायची. मग ठरलेल्या अंतरावरून तीन गोळ्या. दोन थाळीत लागल्या तर त्या बंदुकीला त्या वर्षी जंगलात जायची मुभा. नाही लागल्या तर बंदूक घरी आणि माणूस तळावर स्वयंपाकाला. हा नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नव्हतं, पण तो मोडायची छाती कुणाला झाली नव्हती.

एलवुडपुढे आता एकच वाट होती. दुर्बीण. दुर्बिणीत माशी लागत नाही. आतल्या काचेवरची फुली आणि हरीण एकाच वेळी स्वच्छ दिसतात.

गावातल्या बंदूकदुरुस्तीवाल्याने रिव्हॉल्व्हर उलटसुलट करून पाहिली. "वरच्या पट्टीवर तीन भोकं पाडू. पाच मिनिटांचं काम आहे."

एलवुडने दंतवैद्याच्या खुर्चीतून लेकराला उचलावं तशी ती उचलली आणि तो घरी आला.

मग त्याने मासिकांच्या मागच्या जाहिराती पालथ्या घातल्या. शेवटी ओहायोमधला एक कारखाना सापडला. दुर्बीण बंदुकीवर बसवायची त्यांची बैठक वेगळी होती. मागची खाच एका स्क्रूवर बसलेली असते. तो स्क्रू काढायचा, खाच बाजूला ठेवायची आणि त्याच भोकात बैठकीचं मागचं टोक बसवायचं. पुढचं टोक नळीला कडं घालून आवळायचं. काम झालं की सगळं उतरवायचं, खाच परत लावायची. बंदूक जशीच्या तशी.

बैठक आली. दुर्बीण घरातच होती, त्याच्या रायफलवरची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं पांघरूण अंथरून एलवुडने रिव्हॉल्व्हर रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं आणि कामाला लागला. तासाभराने त्याने हात लांब करून दुर्बिणीतून पाहिलं. दूर अंधारात उजेडाचा एक ठिपका होता. हात जवळ आणला, ठिपका मोठा झाला. आणखी जवळ आणला, आणखी मोठा. भिंतीवरचं कॅलेंडर पूर्ण दिसलं तेव्हा रिव्हॉल्व्हर त्याच्या नाकासमोर होती.

वर्ना दारात उभी होती. "अशीच उडवणार आहेस?"

"रायफलची दुर्बीण आहे. ती डोळ्याजवळ धरायची असते," एलवुड पुटपुटला. "माझ्या लक्षातच आलं नाही."

"बंदुकीला भोक नको, पण तुझ्या कपाळाला चालेल, असं बाबा म्हणाले नव्हते हं. मला तू सुद्धा होतास तसाच हवा आहेस. फार काही चांगला होतास असं नाही, पण सवय झालीये."

पुन्हा ओहायोला फोन झाला. पिस्तुलाची, हात लांब धरून पाहायची दुर्बीण आली. आता फक्त एक काळजी उरली होती: नळीवर आवळायचं लोखंडी कडं. लोखंडावर लोखंड घासलं की निळ्या मुलाम्यावर ओरखडा येणार, आणि ओरखडा दिसला की लूथर 'भोक, भोक' म्हणून गावभर सांगणार. एलवुडने आपल्या जुन्या हातमोज्याचं मऊ कातडं कापलं आणि कड्याखाली अस्तर म्हणून घातलं. बाळाच्या गळ्याला रुमाल बांधावा इतक्या हळुवारपणे त्याने स्क्रू आवळले.

"बघ," तो वर्नाला म्हणाला. "तिला कळलंसुद्धा नसेल."

थाळीच्या रविवारी ऊन छान होतं. एलवुडने सफरचंदाचा पाय खाल्ला, थाळी पुसली, ठोकली. लूथरने मुद्दाम आपली घडीची खुर्ची त्याच्या मागेच आणून मांडली होती.

"अरे वा! म्हाताऱ्याने म्हातारीला चष्मा लावला," लूथर म्हणाला. मंडळी हसली.

एलवुडने दोन्ही हातांनी मूठ धरली. फुली थाळीच्या मधोमध टेकली. इतकं स्वच्छ त्याला कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. थाळीच्या कडेला चिकटलेला सफरचंदाचा तुकडाही दिसत होता. त्याने चाप ओढला. गोळी थाळीच्या वरच्या कडेला लागली. दुसरी थाळीच्या वर, फळीत. तिसरी फळीच्याही वर, मागच्या मातीच्या ढिगाऱ्यात.

"तुझ्या गोळ्या शिडी चढतायत, एलवुड," लूथर म्हणाला. "आणखी दोन मार, स्वर्गात बाबांना भेटतील. त्यांनाच विचारू, बंदूक कुणाकडे ठेवायची."

एलवुडचे कान लाल झाले. त्याने दुर्बिणीचं पुढचं टोक बोटाने दाबून पाहिलं. ते हललं. फार नाही, पण मान डोलावल्यासारखं हललं. मऊ कातडं प्रत्येक हिसक्याला दबत होतं आणि दुर्बीण दर वेळी निराळीकडे बघत होती. ओरखडा येऊ नये म्हणून त्याने जे लाड केले होते, त्यांनीच नेम घालवला होता.

सगळ्यांचं झालं की हुकलेल्याला आणखी एक पाळी मिळे. तेवढा अवधी होता. एलवुड गाडीच्या मागे जाऊन टेकला. कातडं काढून टाकलं तर कडं घट्ट बसेल, गोळी लागेल, आणि ओरखडा येईल. कातडं ठेवलं तर ओरखडा नाही, आणि बंदूक मखमलीवर. कुठूनही गेलं तरी वाट लूथरच्या दिवाणखान्यात जाऊन पोचत होती.

"तोंड असं का झालंय?" वर्ना खाण्याची टोपली गाडीत ठेवायला आली होती. त्याने सांगितलं. तिने ते ऐकलं, टोपलीतून कात्री आणि एक कोरी कागदी थाळी काढली, आणि मग गाडीच्या डिकीतून तिची बोलिंगची पिशवी.

"कागद घाल. कातड्यासारखा दबत नाही. आणि ही राळ. चेंडू हातातून निसटू नये म्हणून आम्ही लावतो. चिमूटभर टाक आणि करकचून आवळ."

"करकचून?"

"एलवुड, बंदूक आहे ती. बाबा तिने कुंपणाचे खिळे ठोकायचे. मी पाहिलंय."

त्याने थाळीच्या कडेची पट्टी कापली, राळ भुरभुरली, कडं बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या रिव्हॉल्व्हरवर जोर लावला. स्क्रू कुरकुरला. एलवुडही.

दुसऱ्या पाळीची पहिली गोळी थाळीत खाली लागली, कारण आधीच्या गोळ्या आठवून त्याने नेम जरा खाली धरला. दुसरी मधोमध. तिसरी तिच्या शेजारी, अगदी चिकटून. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

लूथर खुर्चीतून उठला. "थाळी झाली. पण बाबांची दुसरी अट? उतरव ते सगळं. इथंच, माझ्यासमोर. ओरखडा निघाला तर मखमल."

टेबलावरचं खाणं संपलं होतं, तिथेच एलवुडने पांघरूण पसरलं. कडं सोडलं, बैठक काढली, जुनी खाच त्याच स्क्रूने जागेवर बसवली. नळी पुसली. कड्याची एक कडा बसत होती तिथे कागद फाटला होता, आणि निळ्या मुलाम्यावर एक बारीक, चकाकती रेघ होती. केसाएवढी. पण होती.

लूथरने खिशातून भिंग काढलं. नळी उन्हाकडे धरली आणि भिंग पुढे-मागे करत टोकापासून मुठीपर्यंत पाहिलं. भिंग त्या रेघेवरून गेलं, परत आलं आणि पुन्हा पुढे गेलं.

"हं," लूथर म्हणाला. "काही नाही. साफ आहे."

एलवुडला गप्प राहता आलं असतं. पण सासऱ्यांचा शब्द होता. "लूथर, आहे," तो म्हणाला. "इथं. बारीकशी रेघ आहे."

वर्नाने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"कुठं?" लूथरने भिंग नळीला जवळजवळ टेकवलं.

"माझ्या बोटाच्या टोकाशी."

लूथरने पाहिलं. बराच वेळ. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने बाहीने पुसलं. सगळी मंडळी त्याच्याकडे बघत होती. मंडळातला सगळ्यात तिखट डोळ्यांचा माणूस म्हणून तो पंचवीस वर्षं मिरवत आला होता.

"ही?" तो शेवटी म्हणाला. नखाने भलतीकडेच, दोन बोटं अलीकडे दाखवत. "ही होय! ही जुनी आहे. बाबांच्या वेळची. मला लहानपणापासून माहीत आहे."

एलवुडने तोंड उघडलं. वर्नाने पायावरचा भार वाढवला. एलवुडने तोंड मिटलं.

"मग ठरलं," वर्ना म्हणाली. "बंदूक रानात जाणार. तुझ्या कपाटात माझं पाय भाजायचं भांडं ठेव, दिव्याखाली छान दिसेल."

लूथरने रिव्हॉल्व्हर पांघरुणावर ठेवली. खाणीतली माणसं फळ्या उचलायला पांगली, तसा तो एलवुडच्या जवळ सरकला आणि कुणी ऐकत नाही ना ते पाहून खालच्या आवाजात म्हणाला, "ती दुर्बीण. जरा दे बघू मला."

एलवुडने दिली. लूथरने ती हात लांब करून डोळ्यासमोर धरली, डोंगराकडे वळवली आणि तसाच उभा राहिला.

"त्या ओकच्या झाडावर पानं आहेत," तो म्हणाला.

"अजून आहेत," एलवुड म्हणाला.

"मला वाटलं, गळून गेली." लूथरने दुर्बीण खाली केली नाही. "त्या ओहायोवाल्यांचा नंबर आहे का रे तुझ्याकडे? एका मित्राला हवाय."