एल आणि आय

फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सुचितानं नखानं सरकवलं; आतली तपकिरी चकती दिसली आणि तिला वाटलं, हिच्यावर बुरशी आली असेल तर... समोर पडद्यावर सकाळपासून दोनच अक्षरं होती. एल आणि आय. एरवी ‘लिलो’ असं पुरतं उमटायचं, मग विंडोज की लिनक्स ते निवडायचं. आज कॉम्प्युटर अर्ध्या शब्दावर थांबला होता – घशात काही अडकल्यासारखा.

आतल्या खोलीत सासरे होते. गोटीराम, भर वाऱ्यात एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाक मारणारे. शिमग्यानंतर घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं, अरविंदनं, वडिलांपुढे मायक्रोफोन धरला होता – बाबा, बोला कायपन – आणि ते बोलत राहिले होते, सारसोळ्याच्या खाडीबद्दल, मेलेल्या भावाबद्दल. तो आवाज फ्लॉपीत मावेना, म्हणून जगात एकाच ठिकाणी राहिला, या कॉम्प्युटरच्या डिस्कवर. त्याच डिस्कवर तिनं कॉम्प्युटर क्लाससाठी हट्टानं विंडोजच्या जोडीला लिनक्स घातलं. काल त्यातल्या फायली बदलल्या आणि लिलो, मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम, पुन्हा चालवायचं विसरली. ‘सांभाळून, बाबा हायेत तिच्यात,’ अरविंद म्हणाला होता. मी हसले होते. का हसले?

“काय झाला गो? बंद परला काय?” मालतीबाई, सासूबाई, दारातून विचारत होत्या.

“नाय आई. होईल आता.”

खोटं. तिला काहीच माहीत नव्हतं. लिनक्स घालताना बनवलेली ही फ्लॉपी वाचली गेली तर रस्ता होता, नाहीतर... तिनं ती आत ढकलली. खर्र... थांबलं. पुन्हा खर्र, आणि मग इतकी शांतता, की तळहाताचा घाम तिला ऐकू येईल असं वाटलं. मग ओळी सरकू लागल्या. तिनं एकेक अक्षर दोनदा पाहत ‘लिलो’ टाइप केलं, एन्टर दाबलं. लिनक्स जोडलं. विंडोज जोडलं, असं पडद्यावर आलं. फ्लॉपी काढून तिनं मशीन पुन्हा सुरू केलं, आणि पडद्यावर पूर्ण शब्द आला.

विंडोज उघडलं. फाईल होती. बाबा.

हायसं वाटायला हवं होतं. पण मागे गळ्याच्या भोकातून येणारा श्वास ऐकू आला – गोटीराम कधी येऊन उभे राहिले कोण जाणे. ऑपरेशननंतर त्यांनी ती फाईल एकदाही मागितली नव्हती. आज त्यांनी स्पीकरकडे बोट केलं. लाव.

तिनं माउसचा बाण फाईलवर नेला. सकाळपासून आवाज हरवेल म्हणून ती घाबरली होती. त्या भीतीत निदान काहीतरी करता येत होतं. आता तो सापडला होता, सगळाच्या सगळा, हाक मारण्याइतका मोठा, आणि ज्याचा तो होता तो माणूस तिच्या खांद्यामागे मुका उभा होता. ते ऐकतील... मग फाईल संपेल, मग ते माझ्याकडे बघतील – तेव्हा मी कुठं बघू?

खांद्यावर त्यांचा हात पडला, जड. तिनं डोळे मिटून घेतले आणि माउसचं बटण दाबलं.