भिंतीतला फिरता कप्पा

मी एक जुना फिरता कप्पा आहे. माझ्या अंगाला सोळा उभ्या पट्ट्या आहेत, त्यांना आवळून धरणारी दोन लोखंडी कडी आहेत, पोटात दोन फळ्या आहेत आणि वर-खाली, ज्यांवर मी फिरतो, असा एकेक खुंटा आहे. खिळे एकशे बारा. त्यातले एकशे अकरा कशासाठी मारलेत ते मला ठाऊक आहे. एक उगाचच आहे. माझ्या बाहेरच्या बाजूला एक खोली आहे, त्यात एक बाक आणि घंटेची एक दोरी. आतल्या बाजूला दुसरी खोली, त्यात एक स्टूल. दोन्ही खोल्यांच्या मध्ये जाड भिंत आणि त्या भिंतीत मी.

मित्रांनो, एका बाजूने उघडं असलेलं पिंप डोळ्यांसमोर आणा. मी तसा दिसतो. बाहेरच्या माणसाने माझ्यात दुधाचं भांडं ठेवायचं आणि मला ढकलायचं. मी फिरतो, माझी उघडी बाजू आत जाते आणि दूध पोचतं. देणारा आणि घेणारा एकमेकांना दिसत नाहीत, आवाज मात्र आरपार जातो. हा मठ सिस्टरांचा. त्यांनी जग सोडून आत राहायचं ठरवलं होतं. जग सोडलं तरी दूध लागतंच, म्हणून मला बनवण्यात आलं.

मला बनवणारा पिंपं बनवायचा. "पिंपाचं काय, गळलं नाही की झालं," तो म्हणायचा. "याला फिरायचंही आहे. वर तोंडही बंद ठेवायचंय." त्याने माझे खुंटे इतके नीट घासले, की एका बोटाने मी फिरत असे.

सुरुवातीला आत वीसच्या वर सिस्टर होत्या. त्या मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, लागणाऱ्या पातळ पांढऱ्या चकत्या भाजत आणि डब्यांत भरून माझ्यातून बाहेर पाठवत. आत पीठ येई, औषधं येत, दोरे येत, दुरुस्त झालेले चष्मे येत. एकदा कुणीतरी जिवंत कोंबडी ठेवली. मी फिरलो तशी ती इतकी ओरडली, की प्रार्थनाघरातला सूर बिघडला. एकदा बिशप आले. त्यांनी मला फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "या घरात कुरकुर न करता काम करणारा हा एकटाच दिसतो." मठाच्या प्रमुख मदर सोडून सगळ्या हसल्या.

पुढे सिस्टर म्हाताऱ्या झाल्या, एकेक करून बागेमागच्या दफनभूमीत गेल्या. चार उरल्या. त्यांतली एक अंथरुणाला खिळलेली. मला तेल घालायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही आणि मीही कुरकुरू लागलो. वरून निरोप आला, की पाच जणी असतील तर घर चालेल, नाहीतर ते बंद करून सगळ्यांना दुसरीकडे हलवावं लागेल.

माझ्याशेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या दारावरच्या सिस्टरांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. तरी दार त्यांच्याकडेच होतं, कारण बाकीच्यांचे गुडघे त्यांच्या कानांपेक्षा वाईट होते. त्या माझ्यावर तळहात ठेवून बसत. बाहेर कुणी बोललं की माझं लाकूड थरथरे आणि त्यांना कळे. मग त्या कान माझ्या फटीला लावत. निरोप कळला तर त्या लाकडावर एकदा टकटक करत, कळला नाही तर दोनदा. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ही खूण माहीत होती.

अशा घरात एक मुलगी आली. शिक्षण पूर्ण झालेलं, वय तेवीस. देवाचं बोलावणं आपल्याला खरंच आलंय का, हे तिला नीट पाहायचं होतं. त्यासाठी तीन आठवडे आत राहायचं, सिस्टरांबरोबर काम आणि प्रार्थना करायची, आणि मौन पाळायचं. मनातलं फक्त मदरशी बोलायचं. शेवटी तिने हो म्हणायचं की नाही, ते तिचं तिने ठरवायचं.

तिला सोडायला तिचे बाबा आले होते. ते शिलाई मशीनं दुरुस्त करत. तिची बॅग त्यांनी माझ्यात ठेवली आणि मला ढकललं. माझा आवाज ऐकून ते कळवळले.

"अहो, काय हे! याच्या अंगात जीव आहे की नाही?" त्यांनी खिशातून तेलाची छोटी कुपी काढली, माझ्या दोन्ही खुंट्यांवर थेंब सोडले आणि मला चार वेळा मागेपुढे फिरवलं.

"कोण आहे? काय चाललंय?" आतून सिस्टर ओरडल्या.

"मुलगी दिली, आता तेलही घ्या!" बाबा म्हणाले. ते हसले, पण हसू लवकर संपलं.

मौन सुरू व्हायच्या आधी मुलीने दारावरच्या सिस्टरांना घरची गोष्ट सांगितली. त्यांना ऐकू जावी म्हणून ओरडून सांगितली, त्यामुळे मलाही कळली. मागच्या वर्षीही ती यायला निघाली होती. त्या सकाळी आईने अंथरूण धरलं. बाबा म्हणाले, "डॉक्टर म्हणालेत, जवळच्यांना बोलावून घ्या." मुलीने बॅग रिकामी केली. दुसऱ्या दिवशी आई गच्चीवर गाद्या झटकत होती.

"पण तुझ्यावर माया आहे म्हणून ना गं," सिस्टर म्हणाल्या.

"माया आहे हो. पण नाटकही आहे."

सिस्टरांचा खांदा दुखत असे, म्हणून सकाळच्या कामाच्या वेळी मला फिरवायचं काम मुलीकडे आलं. तिचे हात हलके होते. ती डबे न आपटता ठेवायची आणि पीठ सांडलं तर माझ्या फटीतूनही पुसून काढायची. इतकी निगा माझी कित्येक वर्षांत कुणी राखली नव्हती. मदर दुसऱ्या सिस्टरांना हळूच म्हणाल्याचं मी ऐकलं, "हिला काही विचारू नका, काही सुचवू नका. आपल्याला पाचवी हवी आहे, हे तिला कळताही कामा नये."

दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी दारावरच्या सिस्टर आजारी सिस्टरांना अंघोळ घालायला गेल्या होत्या. मुलगी एकटी स्टुलावर होती. बाहेर घंटेची दोरी ओढली गेली. मग आवाज आला.

"सिस्टर, मी मशीनवाला. मुलीचा बाप. ऐकू येतंय का?"

मुलीचा तळहात माझ्यावर होता. तो हलला नाही.

"तिच्या आईचं पोट चार दिवस दुखत होतं. अंगावर काढलं हो तिने. आता दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणालेत, जवळच्यांना बोलावून घ्या."

बहिऱ्या सिस्टरच बसल्यात असं समजून ते माझ्या फटीशी तोंड आणून ओरडले.

"मागच्या खेपेला आम्ही नाटक केलं, ते खरं आहे! तिला सांगा, या वेळी नाटक नाही. एवढंच सांगा. सांगाल ना?"

मुलीची बोटं मुडपली. मग तिने माझ्यावर टकटक केलं. एकदा.

"देव तुमचं भलं करो," बाबा म्हणाले. जाताना त्यांनी बाकाला धडक दिली. ते धावत होते.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे. मला फिरता येतं, सांगता येत नाही. मुलगी उठली, डबे मोजले, फडक्याने मला पुसलं आणि प्रार्थनेला गेली. मदरना तिने काही सांगितलं नाही. पुढचे दिवस ती पूर्वीपेक्षा शांत दिसायची. चालताना मान ताठ असायची, जशी अवघड परीक्षा पार पडल्यावर असते.

मौन संपायला दोन दिवस उरले असताना तिचा मामा आला. या वेळी स्टुलावर दारावरच्या सिस्टर होत्या आणि मुलगी पिठाचं पोतं ओढत होती.

"सिस्टर, तिला बाहेर पाठवा," मामा म्हणाला. "माझी बहीण परवा गेली."

सिस्टरांनी दोनदा टकटक केलं. मामाला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणखी मोठ्याने. "बहीण गेली माझी! शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. पावलं वाजली की म्हणायची, आली वाटतं. दाजी तिला सांगत होते, निरोप पोचलाय, सिस्टरनी टकटक केलंय, येईलच ती. तुम्ही माणसं आहात की कोण आहात?"

"मी?" सिस्टर गोंधळल्या. "मला कुणी काही सांगितलं नाही. मी कधी टकटक केलं?"

पोतं जमिनीवर पडलं.

"मी केलं," मुलगी म्हणाली. बऱ्याच दिवसांत न वापरलेला आवाज होता तो. "मामा, ती मी होते."

मामा बाहेरच्या बाकावर बसला.

मदर आल्या. त्यांनी मुलीला स्टुलावर बसवलं, स्वतः मला धरून उभ्या राहिल्या.

"मला का नाही विचारलंस?"

"मला वाटलं, मोह आहे. त्याला ओ दिली तर मी हरले."

"घरी कुणी आजारी असेल तर त्याच क्षणी निघायचं, असा नियम आहे. पहिल्या दिवशी वाचून दाखवला होता मी. मी स्वतः तुझ्यासाठी गाडी मागवली असती, बाळ."

"बाबांचा आवाज ओळखला होता मी, मदर. ओळखूनच गप्प बसले."

मदरनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे केला, पण ती उठली होती. अर्ध्या तासाने तिची बॅग माझ्यातून बाहेर गेली. मी फिरलो. तेल अजून टिकून होतं, त्यामुळे आवाज झाला नाही.

पुढची बातमी पीठवाल्याने आणली. त्याची बायको मुलीच्या बाबांच्या दुकानात मशीन दुरुस्तीला देते. बाप-लेक शेजारी शेजारी बसून काम करतात, तो म्हणाला. गिऱ्हाइकांशी बोलतात. एकमेकांशी नाही.

पाचवी कुणी आली नाही. थंडी पडायच्या आधी चौघी एका गाडीतून गेल्या, आजारी सिस्टर स्ट्रेचरवर. दारावरच्या सिस्टरांनी जाताना माझ्यावर तळहात ठेवला आणि थोडा वेळ वाट पाहिली. बाहेर कुणी बोलत नव्हतं.

मित्रांनो, निरोप वाहून नेणं एवढंच माझं काम. तो खरा की खोटा, हे मला कधी कळलं नाही. पण तुम्हाला पाय आहेत. खोटं आजारपण कुणाला सांगू नका; आणि कुणी एकदा सांगितलं असलं, तरी दुसऱ्यांदा निरोप आल्यावर घरी जाऊन बघा. खोटा निघाला तर एक खेप फुकट जाईल, एवढंच. वस्तूंची निगा राखता, पिठाचा कण पुसून काढता, तशीच माणसाच्या शब्दाचीही राखा.

आता एका हॉटेलवाल्याने मला विकत घेतलं आहे. दर्शनी खोलीत ठेवून तो माझ्या फळ्यांवर फुलदाण्या मांडणार आहे. माझ्या भोवतीची भिंत फोडून झाली. आज सकाळी दोन माणसं टेप घेऊन आली. एकाने मापं घेतली, दुसऱ्याने मोठ्याने म्हटली.

माझी रुंदी सदुसष्ट सेंटिमीटर. आतल्या खोलीचं दार साठ. बाहेरच्या खोलीचंही साठ.