दीड तासाची वाट

हे कुवेतला फिटर म्हणून निघाले, तेव्हा एजंटाची चिठ्ठी घरात मीच वाचून दाखवली. मुंबईहून विमान सकाळी आठला सुटणार, कुवेतला साडेनऊला पोचणार.

"दीड तास!" मी म्हणाले. "नांदगावच्या यष्टीला याच्या दुप्पट लागतात."

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हरखल्या. गल्लीत मॅट्रिक झालेली सून मी एकटीच. त्यांनी नळावर सगळ्यांना सांगितलं, "आमचा लहानू दीड तासावर तर हाय."

पुढल्या उन्हाळ्यात मामंजी गेले. तार केली. नांदगावहून नणंद दुपारी आली. आत्या मात्र उचलू देईनात. "थांबा, लहानू येईल. दीड तासाची तर वाट." दिवस मावळेपर्यंत सगळे उन्हात ताटकळले. शेवटी शेजारच्या सरुबाई पुटपुटल्या, "तिकडची हवा मानवली असंल त्याला."

त्या दिवसापासून आत्यांनी मुलाचं नाव घेणं टाकलं.

पंधरा दिवसांनी यांचं पत्र आलं. पासपोर्ट कंपनीकडे अडकलेला, सुट्टी मिळाली नाही, आठवडाभर रडलो, असं होतं. मी वाचत होते.

"पुरं," आत्या म्हणाल्या. "दीड तासावरच्या माणसाला कसले कागद आडवतेत? बहाणे हायेत."

खाली पुढची ओळ होती. 'इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. विमानाला चार तास लागतात. आईला समजावून सांग.'

माझी कानशिलं तापली. मी पत्र घडी करून ठेवलं. नळावर सगळ्या मला मास्तरीण म्हणत, ते डोळ्यांसमोर होतं.

तीन महिने गेले. प्रत्येक पत्रात हे विचारत, 'आई दोन ओळी का सांगत नाही?' मी लिहीत राहिले, 'त्यांची तब्येत बरी आहे.'

एका सकाळी आत्या पाय पसरून, हे गेल्यावर झालेल्या आमच्या बाळाला न्हाऊ घालत होत्या. बाळाच्या कपाळावरचं पाणी तळहाताने निपटताना म्हणाल्या, "तुझ्या बापालाबी असंच न्हाऊ घातलं व्हतं रे. इसरला." मग मला राहवलं नाही. घड्याळाचं सगळं सांगितलं. चिठ्ठीचं, आणि न वाचलेल्या ओळीचंही.

त्यांनी आधी बाळाला पंच्यात गुंडाळलं, माझ्याकडे दिलं.

"घड्याळ तुला नाय कळलं, ते जाऊ दे. पर माझं तोंड तर रोज दिसत व्हतं ना, पोरी?"

मी बाळाचं डोकं पुसत राहिले.

"कागद घे. लिही, बाबा, आईचा राग गेला. तू लय लांब हायेस, मला ठावं नव्हतं."

"आणि माझी चूक?"

"ती नको घालू. एकटा हाय तिकडं. तुझ्यावर चिडला तर बोलंल कुणाशी?"

मी ती घातली नाही. आईच विनाकारण रुसली होती, असं सुट्टीवर आले की हे अजून हसत सांगतात. आत्या मान डोलावतात. मी कपडे वाळत घालायला उठते.