पाचपैकी पाच

ठिकाण १. चौकीचं दार. ऐकू आलं: पाच.

लखनौच्या चौक या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत आमचं अग्निबचाव पथक आहे. अकरा माणसं, दोन ई-रिक्षा, एक जुनी जीप. रिक्षांवर पाण्याची टाकी आणि पंप बसवलाय, कारण मोठा बंब या गल्ल्यांत शिरू शकत नाही. तो कोपऱ्यावर उभा राहून भोंगा वाजवतो. पथकाची प्रमुख मी, वसुधा तांबवेकर. मूळची कराडची, चौदा वर्षं लष्कराच्या सिग्नल्समध्ये काढली, नवऱ्याच्या नोकरीमुळे लखनौला आले आणि इथलीच झाले.

सोमवारी नवे वायरलेस सेट आले. तीन गाड्यांत बसवायचे, चौथा चौकीत टेबलावर. रिक्षाची बॅटरी अठ्ठेचाळीस व्होल्टची आणि सेट बारा व्होल्टचा, तेव्हा मध्ये कन्व्हर्टर घातला. छतावर अँटेनाची काठी उभी केली. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं.

शुक्रवारी पाहणी समिती येणार होती. सेट गल्ल्यांत चालतात हे तिला पटलं, तर चौकमधल्या आगीची पहिली खबर थेट आमच्या टेबलावर येणार. नाही पटलं, तर आत्ता येते तशीच येणार. फोनवर, फिरत फिरत.

आत्ता कशी येते, ते सांगते. गेल्या थंडीत बिट्टन आपांच्या चिकनच्या भरतकामाच्या कारखान्याला आग लागली. आम्ही तीनशे पावलांवर होतो. खबर आली अठरा मिनिटांनी. आपा वाचल्या. त्यांची बोटं आता सुई धरत नाहीत. मी रोज त्यांच्या दारावरून जाते, आणि त्या रोज विचारतात, "चाय पियोगी, बिटिया?"

तर मला शुक्रवार हवा होता. बाकी काही नको होतं.

ठिकाण २ ते १६. ऐकू आलं: पाच, पाच, पाच, पाच. असंच खाली.

चाळीस ठिकाणं ठरवली. प्रत्येक गल्लीचं तोंड, मध्य, शेवट. मंगळवारी सुरुवात केली आणि पाच ठिकाणांवर थांबवावी लागली, कारण चौकीत सेटवर नफीसभाई होते.

नफीसभाई बासष्ट वर्षांचे. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये. अक्षर असं की किराण्याची यादीसुद्धा लग्नपत्रिकेसारखी वाटावी. मी रिक्षातून विचारायची, "चौकी, मैं कैसी सुनाई दे रही हूँ?" आणि उत्तर यायचं:

"वसुधा साहिबा की ख़िदमत में चौकी से नफ़ीस का आदाब. आपकी आवाज़, माशाअल्लाह, ऐसी आ रही है जैसे आप सामने की कुर्सी पर..."

तोवर रिक्षा तीन दुकानं पुढे गेलेली असायची आणि मागे हातगाड्यांची रांग लागलेली.

म्हणून बुधवारी हुकूम काढला. उत्तर द्यायचं नाही. दर दोन मिनिटांनी मी एका ठिकाणाहून बोलेन, तुम्ही ऐकून वहीत आकडा लिहायचा. पाच म्हणजे स्वच्छ, एक म्हणजे नुसती खरखर.

"जैसा हुक्म," नफीसभाई म्हणाले.

हा हुकूम चुकीचा होता. ते कळायला मला चाळिसाव्या ठिकाणापर्यंत जावं लागलं.

ठिकाण १७. कुर्त्यांचं दुकान, बाहेर तिरपाल. ऐकू आलं: पाच.

इथे काही झालं नाही, असं मला वाटलं. तिरपाल, म्हणजे उन्हाची ताडपत्री, खाली लोंबत होती, रामआसरेने रिक्षा वाकडी करून काढली, छतावर काहीतरी खरडलं. रामआसरे आमचा चालक. या गल्ल्या तो डोळे मिटून चालवतो, आणि कधी कधी खरंच मिटतो अशी मला शंका आहे.

ठिकाण ४०. ऐकू आलं: पाच.

शेवटच्या ठिकाणी रामआसरे खाली उतरला, पाठ ताणली आणि छताकडे बघत राहिला.

"मैडम, डंडी कहाँ गई?"

अँटेना नव्हती. वायर नुसतीच लोंबत होती.

उलट्या वाटेने शोधत निघालो. सतराव्या ठिकाणी सापडली. तिरपालीच्या दोरीत अडकली होती आणि दुकानदाराने तिच्यावर दोन कुर्ते टांगले होते.

"हमने समझा, बाज़ार कमेटी वाले लगा गए हैं," तो म्हणाला. "मज़बूत है."

(हे पान रद्द.)

सतरा ते चाळीस. चोवीस ठिकाणं अँटेनाशिवाय. वहीत चोवीस पाच. सुंदर, एका ओळीत, एका उंचीचे.

"नफ़ीस भाई, सत्रह के बाद क्या सुना?"

"आप ही को सुना, हुज़ूर."

"मैंने कहा क्या?"

त्यांनी चष्मा पुसला. "कुछ खरखराहट थी. मगर हर दो मिनट पर थी, वक़्त की पाबंद. हम समझ गए, आप ही हैं."

"तो पाँच क्यों लिखा?"

"अब एक ख़ातून की आवाज़ के आगे दो लिखें, हाथ नहीं उठा."

रामआसरे दारात उभा राहून हसत होता. "चचा, एक्सचेंज में भी सबको पाँच देते थे?"

"एक्सचेंज में सामने वाला दिखता नहीं था, भैया. शाम को साथ बैठकर चाय नहीं पीता था."

मी ओरडले नाही. लष्करात बावीस जणांच्या तुकडीवर ओरडण्याची सवय असलेल्या बाईने न ओरडणं म्हणजे काय, ते नफीसभाईंना कळलं असावं. त्यांनी वही स्वतःच माझ्याकडे सरकवली. मी पानभर आडवी रेघ मारली. पहिली सोळा ठिकाणंही आता विश्वासाची राहिली नव्हती. जो माणूस दोनला पाच लिहितो, त्याचा पाचही मोजता येत नाही.

बुधवार संपत आला होता.

ठिकाण: जानकीपुरम, आमचं स्वयंपाकघर. ऐकू आलं: तीन.

तीन, कारण लेकीच्या, सावनीच्या, कानात गाणी होती आणि माझा नवरा चंद्रहास मटार सोलताना अर्धंच ऐकतो. तो औषध संशोधनात आहे, अर्धं ऐकूनही बरोबर ठिकाणी बोट ठेवतो.

"चूक नफीसभाईंची नाही, तुझी," तो म्हणाला.

"माझी कशी?"

"तू विचारतेस, मी कशी ऐकू येते. आमच्याकडे पेशंटला विचारलं ना, औषधाने बरं वाटतंय का, तर तो डॉक्टरच्या तोंडाकडे बघून हो म्हणतो. इतका प्रेमाने देतोय, नाही कसं म्हणायचं. म्हणून आम्ही बरं वाटतंय का हे विचारून थांबत नाही. जिना चढायला लावतो आणि पायऱ्या मोजतो."

"आणि पेशंट लखनौचा असला तर?"

"तर दोनदा मोजतो."

सावनीने एका कानातलं काढलं. "मम्मा, सिंपल है यार. नंबर मत माँगो. डिक्टेशन दो."

तिला मराठी सगळं समजतं. बोलते मात्र तिच्याच भाषेत. त्या दिवशी मला दोन्ही चाललं.

गुरुवार. दोन वह्या.

नवा नियम. प्रत्येक ठिकाणी मी समोर जे दिसेल ते बोलेन. नफीसभाईंनी कानावर पडेल तेवढंच लिहायचं. नाही पडलं तिथे जागा मोकळी सोडायची. मला मार्क द्यायचे नाहीत. मी बोलते ते इकडे रामआसरे दुसऱ्या वहीत लिहील.

"अंदाज़ा भी न लगाएँ?" नफीसभाईंनी विचारलं.

"अंदाज़ा भी नहीं."

"यह तो बड़ी बेमुरव्वती हुई."

"हुई."

ठिकाण ९
रामआसरेची वही: नीला शटर, तीन कुर्ते, सीढ़ी पर बिल्ली.
नफीसभाईंची वही: नीला शटर, तीन कुर्ते, सीढ़ी पर बिल्ली.

ठिकाण १७
रामआसरेची वही: तिरपाल ऊपर बाँध दी है, दुकानदार नाराज़ है.
नफीसभाईंची वही: तिरपाल ऊपर बाँध दी है, दुकानदार नाराज़ है.

ठिकाण २३
रामआसरेची वही: इत्र की दुकान बंद, छत पर दो पतंगें, नल टपक रहा है.
नफीसभाईंची वही: ——— दुकान ——— ——— ——— नल ———

ठिकाण ३१
रामआसरेची वही: आपा के दरवाज़े पर हरा पर्दा, चाय पूछ रही हैं.
नफीसभाईंची वही: ——— दरवाज़े पर ——— चाय ———

मोकळ्या जागाही त्यांनी पट्टीने आखल्या होत्या. आदल्या दिवशीच्या चोवीस पाचांपेक्षा या मोकळ्या रेघांनी मला जास्त सांगितलं.

चाळीसपैकी सहा ठिकाणी भोकं. दुपारी चौकीची अँटेना आमच्या छतावरून काढून शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या लोखंडी घोड्यावर चढवली. एकतीस, बत्तीस, छत्तीस भरून आली. एकतीसमधून मी आपांचा हिरवा पडदा पुन्हा वाचला आणि नफीसभाईंनी तो पुरता लिहिला. पडद्यासकट, चहासकट.

उरली बावीस, तेवीस, चोवीस. तिथे नवं पत्र्याचं गोदाम मध्ये येतं. ते हलवणं माझ्या हातात नाही. पण तीस पावलं मागे, गल्लीच्या तोंडाशी, आवाज स्वच्छ जातो. तिथे रामआसरेने फरशीवर पिवळी रेघ ओढली. आत आग असेल तर एक रिक्षा आत जाईल, दुसरी रेघेवर थांबेल. आतला माणूस ओरडून सांगेल, रेघेवरचा सेटवर बोलेल. साधं आहे. कागदावर छान दिसत नाही, पण चालतं. संध्याकाळपर्यंत आम्ही ते सात वेळा करून पाहिलं.

ब्रश धुता धुता रामआसरे म्हणाला, "मैडम, एक बात कहें? कल कमेटी को बाईस-तेईस-चौबीस की तरफ़ ले ही मत जाइए. सैंतीस जगह घुमा देंगे, बढ़िया कुल्फ़ी खिला देंगे, हो गया."

त्याचं म्हणणं वाईट नव्हतं. मीही ते जिना उतरताना एकदा मनात फिरवून पाहिलं होतं.

"दोनों बहियाँ मेज़ पर रखना," मी म्हणाले. "खुली हुई."

शुक्रवार. ठिकाण २३.

समितीत तिघं होते. दोघांनी चौकीत नफीसभाईंसमोरच्या खुर्च्या धरल्या आणि चहा घेतला. तिसऱ्या सुनीती श्रीवास्तव. पायात कॅनव्हासचे बूट, हातात जाड वही. त्यांनी आमच्या दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. पानं उलटली. बोट तेवीसवर थांबलं.

"यहीं चलते हैं."

निघताना नफीसभाईंनी मला बाजूला घेतलं. "आज जवाब देना है?"

"आज देना है."

"मेहमानों के सामने?"

"जो सुना हो, वही."

त्यांनी मान हलवली. होकार होता की चिंता, ते ओळखता आलं नाही.

रिक्षा पिवळ्या रेघेवरून पुढे आत गेली. अत्तराचं दुकान आज उघडं होतं. सुनीती मॅडमनी इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी सांगितलं, "बोलिए: दुकान खुली है, सफ़ेद दाढ़ी वाले साहब हिसाब लिख रहे हैं."

मी बटण दाबलं. बोलले. सोडलं.

काही नाही.

ही शांतता मी लष्करातल्या चौदा वर्षांपासून ओळखते. बहुतेक वेळा पलीकडे माणूस नसतो. कधी कधी माणूस असतो आणि काय बोलावं हे ठरवत असतो. चौकीत दोन पाहुणे बसले होते, समोर चहा, आणि सेटवर त्यांच्या यजमानीणबाईंचा तुटका आवाज. "माशाअल्लाह" म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं. तो एक शब्द आला असता तर माझ्या दोन्ही वह्या खोट्या ठरल्या असत्या, आणि त्या खोट्या आहेत हे या बाईंना कळलं असतं. त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

सुनीती मॅडमनी घड्याळ पाहिलं.

सेट खरखरला. उंचावरच्या अँटेनाचा चौकीचा आवाज आमच्यापर्यंत नीट येतो. प्रत्येक शब्द गल्लीभर ऐकू गेला.

"मैडम, चौकी से नफ़ीस. आपकी आवाज़ ख़राब है. दो लफ़्ज़ आए, बाक़ी कट गए. पीछे आइए, पीली लकीर पर."

अत्तरवाल्याने हिशेबातून मान वर केली. रामआसरेने माझ्याकडे पाहिलं नाही. चौकमध्ये, भर दुपारी, चारचौघांत, नफीसभाईंनी एका बाईला तुमचा आवाज खराब आहे असं सांगितलं होतं.

"पीछे लो," मी रामआसरेला म्हणाले.

मागे कुर्त्यांचे गठ्ठे घेतलेला हातगाडीवाला होता, त्याच्या मागे स्कूटर. "हटो भाई, मैडम की आवाज़ ख़राब है," असं ओरडत रामआसरेने रिक्षा तीस पावलं मागे घेतली. सुनीती मॅडम आमच्यासोबत चालत आल्या. रेघेवर चाक आलं. मी तेच वाक्य पुन्हा बोलले.

"दुकान खुली है, सफ़ेद दाढ़ी वाले साहब हिसाब लिख रहे हैं," सेट म्हणाला. "अब पूरा आया."

सुनीती मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "सीधे लकीर से ही क्यों नहीं बोलीं? मुझे तो पता भी नहीं चलता."

"जगह आपने चुनी थी."

त्या थोड्या हसल्या. "इस हफ़्ते मैंने छह टोलियाँ देखीं. सब जगह, हर कोने में, पाँच में पाँच." वही मिटली. "सोमवार से पहली ख़बर आपको आएगी. गोदाम वाली गलियों में दो गाड़ियाँ जाएँगी, एक नहीं. यह मैं लिख रही हूँ."

"हमारी बही में पहले से लिखा है."

"देखा."

परत येताना मी एकतीसवर रिक्षा थांबवली. हिरवा पडदा सरकला. आपांनी विचारायच्या आत मी आत जाऊन बसले आणि पहिल्यांदाच तिथला चहा घेतला. कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून माझ्यापुढे केला.

चौकीत पोचले तेव्हा पाहुणे गेले होते. नफीसभाई खिडकीकडे तोंड करून बसले होते, चहाला हात लावलेला नव्हता. मी वही ओढून त्या दिवसाचं पान उघडलं. तारीख, वेळ, ठिकाण. आणि त्यापुढे, लग्नपत्रिकेच्या अक्षरात:

*२३. मैडम की आवाज़ ख़राब. बता दिया. मान गईं.*