पायरीची खालची बाजू

मिस्त्रीनं पहारेवर अंग टाकलं, तशी पायरी करकरत उचलली गेली. बिगाऱ्यांनी ती पालथी केली. खाली मासा कोरलेला. मिस्त्रीच्या बापाची खूण.

"घासून काढा," इंजिनिअर म्हणाला. "वरची बाजू झिजलीय, आता हीच वर येणार. इमारतीच्या पन्नाशीला मंत्री इथून चढणार. पायाखाली मासे नकोत."

राज्य सरकारच्या या इमारतीत शिरताच संगमरवरी फलक दिसतो. कोनशिला बसवणारा, उद्घाटन करणारा, नकाशा काढणारा, सगळ्यांची नावं त्यावर आहेत. ज्यांनी एकही दगड उचलला नाही, त्यांचीच. दगड घडवणाऱ्यांनी आपल्या खुणा दगडाच्या पोटाखाली घातल्या, त्याही हौसेनं नव्हे. मजुरी दगडामागे होती आणि मुकादम खुणा मोजायचा, माणसं नाही.

घुमटाखालचा हा जिना दोन भावांना दिला होता. थोरल्याचा, म्हणजे मिस्त्रीच्या बापाचा मासा, धाकट्याची चंद्रकोर. काम जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आलं आणि थोरला परांचीवरून पडून जागीच गेला. मिस्त्री तेव्हा रांगत होता. मजुरी मात्र थोरल्याच्या नावानं घरी येत राहिली, इमारत पुरी होईतो. "मागचे दगड अजून मोजतायत," धाकटा सांगायचा. स्वतःच्या नावावर मात्र दमडी आणत नव्हता.

"मेलेला घर चालवतोय आणि जिता बसून खातोय," मिस्त्रीची आई दिराच्या तोंडावर म्हणायची. अजूनही तोच टोमणा मारते. मिस्त्रीही काकाला कामचुकार समजतच मोठा झाला.

टप्प्यापर्यंत मासा आणि चंद्रकोर आलटून पालटून निघाले. टप्प्यावरची पहिली पायरी उलटली. मासा. पुढची उलटली. मासाच.

मिस्त्री उकिडवा बसला. बाप तोवर गेलेला होता. त्यानं दगडाच्या अंगावरून अंगठा फिरवला. बाप डावखुरा, टप्प्याखालच्या माशांचे टाकीचे घाव डावीकडे कललेले. हे उजवीकडे. काकाच्या चंद्रकोरींवरच्या घावांसारखे.

वरपर्यंत सगळे मासे. चंद्रकोर कुठंच नाही.

"मिस्त्री, घासायचं ना?" बिगाऱ्यानं विचारलं.

"मशीन इकडं दे. मी घासतो."

संध्याकाळी काका नेहमीसारखा दाराशी बसून जेवत होता. आईनं त्याच्या ताटात भाकरी आदळली.

"काय रे, बापाच्या खुणा सापडल्या?"

"सापडल्या."

"कुठवर?"

काकाचा घास हातातच राहिला. त्यानं मान वर केली नाही. फक्त डावा हात जमिनीवर टेकवला आणि बोटं हळूच हलवली, नको नको म्हणून.

"पार वरपर्यंत," मिस्त्री म्हणाला.

"ऐकलंत भावजी? जाताजाता सगळा जिना घडवून ठेवला माणसानं. नाहीतर तुम्ही!"

"तो होताच तसा, वहिनी," काका म्हणाला आणि घास तोंडात घातला.

मिस्त्रीनं आपलं ताट उचललं आणि दाराशी, काकाशेजारी जाऊन बसला.

"तिकडं वारा लागतो रे," आई म्हणाली.

"लागू दे."

दुसऱ्या दिवशी शेवटची पायरी बसवायची होती. मासा घासून झाला होता. इंजिनिअर वर उभा राहून घाई करत होता.

"आता काय राहिलं, मिस्त्री?"

"थोडंसंच, साहेब. खालची बाजू बसत नाहीये."

पन्नास वर्षं लोकांच्या पायांनी झिजून खोलगट झालेली ती बाजू आता कायमची मातीआड जाणार होती. मिस्त्रीनं छिन्नी टेकवली. चार घाव, एक चंद्रकोर. मग त्यानं फुंकर मारून धूळ उडवली, चुना पसरला आणि पायरी हळूच पालथी घातली.